भासऱ्यांपुढं ‘थम’

अमरावती, ता. ११ फेब्रुवारी १९६३, सोमवार

चिरंजीव गोवर्धन हवालदार यास,

तुह्या मोठ्या बहिणीचा, तानुबाईचा, इथून हात लांब करून डोक्यावर आशीर्वाद. आमी सारे बरे आहो. वांगे बरे आहेत, सांभार (पुण्यावाल्याईची कोथिंबीर) जरासा पिवळा पडून राहिला, तुहे भाऊजी जसे होते तसेच आहेत. तू तिकडे थंडीत रंगरूटाईले कवायत शिकवतं, तं छाती झाकत जाय. लोकरीचं बनियन पोचलं का नाही ते काही लिहिलं नाहीस. अकोल्याले माय बरी आहे, गुडघा तेवढा दुखते. तुही बायको ललिताही बरी आहे, अन् तिचा हात लिहायले भल्ला चालते, हे मले तुह्या पत्रावरून समजलं.

कुशल झालं. आता ऐक.

तुहं पत्र शनिवारी आलं. माही शाळा दुसरीपर्यंतची, म्हून मी ते तीनदा वाचलं. पयल्यांदा अक्षरं लावली, दुसऱ्यांदा अर्थ लावला, तिसऱ्यांदा राग आला. ‘बाई, तू म्हणे बायाईची पलटण घेऊन भाजीबाजारावर चालून गेली, लढाई कोणासंगं होती, वांग्यासंगं का मुळ्यासंगं?’ हे पत्र मोठ्या बहिणीले लिहायचं आहे? ललितानं तुले काय कळवलं ते ती जाणे. ती होती अकोल्याले, परेड झाली अमरावतीले, अन् तिले सारं दिसलं! मी त्या परेडीत सगळ्यात पुढं होती, तं खरं काय झालं ते माह्याकडून ऐक, अन् मंग हासायचं तं हास.

तुले माहीत आहे, चीनची लढाई लागली तवा आपल्या वार्डातल्या लोकाईनं रक्षक दल काढलं. मानसाईनं आधी आपलंच काढलं. मंग मनकर्णाबाई (तीच ते, मेथीवाली, जिच्या पुढं बाजारात कोणी टोपलं मांडत नाही) तिथं जाऊन बसली अन् म्हणे, चिनी आला तं तो काय बायाईले सोडून जाईन? असे मले सोडून बायाईचे बावीस नावं लागले. सगळ्या माळणी, भाजीवाल्या, दोनचार गिरणीवर जाणाऱ्या. आदेश कोण देईन, तं सगळ्याईनं माह्याकडे बोट केलं. काहून, तं माही हाक. नाल्याच्या या काठावरून मी तुह्या भाऊजीले जेवायले बोलावते, तं पल्याडच्या वाडीतले बैल (आपले नाही, लोकाचे) मोट अर्धी सोडून उभे राहतात.

पण हाक निराळी अन् आदेश निराळा, हे मले कुठं माहीत होतं. आमी भाजी विकणाऱ्या. आमचा शब्द सुरू होते लहान अन् शेवटाले लांबते, गल्लीच्या टोकापर्यंत जाते. मी तशीच म्हटलं, सावधाऽऽऽऽन. तं काय झालं, पयली रांग ‘सा’ले सावधान झाली, मंधातली रांग ‘धा’ले, अन् मनकर्णाबाई, तिचं अंग तू पाहिलं आहे, माहा सूर संपला तरी सावधान होतच होती. जसं वाऱ्यानं ज्वारीचं वावर हालत जाते, तशी आमची तुकडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावधान होत गेली. लोक कुंपणाले टेकून पाहत.

मंग डिसेंबरात तू आठ दिवस सुट्टीवर आला, अन् माह्या वाडीच्या धुऱ्यावर, बांधावर, उभा राहून तूच शिकवलं. (हे मी लिहून राहिली, कारण आता तुले आठवत नसेल.) पयला शब्द लांबव, म्हणजे अंगाले समजते काय येऊन राहिलं. मंग श्वासभर थांब, पण आवाज पडू देऊ नको, टांगून ठेव. अन् शेवटचा शब्द असा तोड जसा विळा चालते. तो घशातून नाही, पोटातून. तू म्हटलं, बाई, शिपाई शब्द ऐकतच नाही, चाल ऐकते. मले पटलं नाही, तं तू धुऱ्यावर उभा राहून त्याच चालीत ‘भाकर, खा!’ म्हटलं, अन् माह्या पायाच्या टाचा आपोआप जुळल्या. तुहे भाऊजी गोठ्यात होते, तेही म्हणतात आपली मान वर झाली. त्या दिवसापासून आमची तुकडी सुधरली. बावीस जणी, अन् टाच वाजली का एकच आवाज. डोळे भरून यायचे माहे.

पण हे नत्थुजीले खपते काय? नत्थुजी म्हणजे शाळेतले ड्रिल मास्तर, आमच्या दलाचे शिकवणारे. मानूस वाईट नाही, पण आवाज असा का आदेश देऊन राहिले का हजेरी घेऊन राहिले तेच समजत नाही. सगळं एका पातळीत. ‘दाहिने मुड’ म्हणतात तं कुठं संपलं अन् कुठं वळायचं याचा पत्ता लागत नाही. अन् तेच दल चालवणाऱ्या मंडळाच्या सभेत म्हणतात, बाईचा आवाज बारीक असते, त्याले आदेशाचं वजन नसते. मी तिथंच इचारलं, मास्तर, वजन कोण्या काट्यावर केलं? पाजवलेला विळा बारीकच असते, बोट लावून पाहा. सभेत हासू झालं, अन् नत्थुजी लाल झाले. मंग कागदावरच ठरलं. २६ जानेवारीले बायाईची तुकडी माह्या आदेशावर मंडपापुढून नीट गेली, तं पुढंही आदेश माहाच. घोळ झाला, तं बायाईच्या तुकडीले नत्थुजी आदेश देतीन, अन् मी रांगेत उभी राहीन. मी सही केली. पाच मिनिटं इचार केला, पण केली.

आता तो दिवस. सकाळी शाळेच्या मैदानावर मंडप, भोंगा, झेंडा, सगळं. आमी पांढऱ्या लुगड्यात, वरून खाकी पट्टा, पदर पट्ट्यात घट्ट खोसलेला. (लटकता पदर परेडीत चालत नाही, हेही तुहंच शिकवणं.) मंडपातली मोठी खुर्ची रिकामी, कारण जे मोठे साहेब अध्यक्ष येणार होते त्याईले ताप आला. मी ‘सावधान’ दिलं, ‘तेज चल’ दिलं, अन् भाऊ, तू असता तं मिशीवर ताव दिला असता. मैदानाची एक लांबी गेलो, कोपऱ्यावर वळलो, मंडपाच्या बाजूनं निघालो. तेवढ्यात भोंगा बोलला का आजचे अध्यक्ष शेंदूरजना घाटचे प्रसिद्ध संत्रा बागवान श्रीमान अमुक अमुक. (नाव भोंग्यानं घेतलं. मी घेत नाही, तूच मनात घे.) पाहते तं मोठ्या खुर्चीत केशरी पागोटं. तुह्या भाऊजीचे मोठे भाऊ. माहे भासरे!

ते आदल्या दिवशी संत्रे घेऊन आले होते, अडत्याकडे उतरले होते, अन् मंडळाच्या लोकाईनं जो दिसला तो वजनदार मानूस उचलून खुर्चीत ठेवला. मले कोणी इचारलं? लग्नाले चोवीस वर्षं झाली. भासरे अंगणात आले का आधी खाकरतात, अन् मी आत जाते. त्याईनं माहं तोंड सरळ पाहिलं नसेल. अन् आवाज, तो तं नाहीच. ते घरी असले तं मी भांडंसुद्धा हळू ठेवते. लेकराईले रागवायचं असलं तं चिमटा घेते, बोलत नाही. अन् आता पुढचा आदेश काय होता? ‘दाहिने देख’! उजव्या बाजूले कोण होतं? ज्या मानसाकडे मी चोवीस वर्षं मान वर करून पाहिलं नाही, त्याच्याकडे मी सोता पाहायचं, वरून सलामी ठोकायची, अन् बावीस परक्या बायाईले म्हणायचं का याच्याकडे पाहा, अन् तेही ओरडून!

हात सलामीले गेला नाही, डोक्यावर पदर घ्यायले गेला. पदर पट्ट्यात. ओढला तं पट्टा आला. मी आदेश दिला रे, दिला नाही असं कोणी म्हणू नये. चाल सारी बरोबर होती. ‘दाहिने’ लांबवलं, श्वासभर टांगून ठेवलं, ‘देख’ तोडलं. पण सगळं त्या आवाजात, ज्या आवाजात चुलीपाशी सासूले मीठ मागावं. माह्या मागं मनकर्णाबाई होती, तिलेच तेवढं ऐकू आलं. तिनं उजवीकडे पाहिलं, अन् भरल्या परेडीत मले म्हणते, ‘अवो तानुबाई, भासरे वो तुहे!’ जसं मले दिसलंच नव्हतं! बाकीच्या एकवीस जणी नाकासमोर पाहत गेल्या. दोघीतिघीईनं डावीकडे पाहिलं, त्याईले वाटलं मनकर्णाबाई कोणाले शिव्या देऊन राहिली.

ते जाऊ दे. ते झाकलं असतं. पण मैदानाच्या शेवटाले ‘थम’ देऊन तुकडी थांबवायची होती. तोंड उघडलं, अन् मनात आलं, पाठ आहे त्याईच्याकडे, डोळे चुकले, पण कान? चोवीस वर्षांचा तो गळा एकदम कसा उघडन? ‘थम’ पोटातून निघाला, छातीपर्यंत आला, अन् तिथं बसला. अन् पलटण चालून राहिली. आता सारे शहाणे घरी बसून सांगतात, हात वर करायचा होता, सोता थांबायचं होतं. मी थांबली असती तं मनकर्णाबाई माह्या अंगावर आली असती, अन् तिच्यावर बाकीच्या. अन् तूच शिकवलं ना, का आदेश आल्याबिगर पाय थांबवायचा नाही? तो आदेश मलेच द्यायचा होता, अन् मीच आदेशाची वाट पाहत चालली होती! फाटक उघडं होतं. फाटकातून बाहेर निघालो.

रस्त्यानं सायकलवाले बाजूले झाले, एकदोघाईनं टोपी काढली. चाल मात्र कोणाची चुकली नाही, लिहून ठेव. कापसाचं जिनिंग आलं (जिनिंगवाल्याले २६ जानेवारी नसते, त्याची यंत्रं चालूच, त्या घरघरीत माहा आवाज मंडपात गेलाही नसता), पण तरी मले वाटे मंडप जवळच आहे. भाजीबाजारात शिरलो. एका गिऱ्हाइकानं मनकर्णाबाईले मेथीचा भाव इचारला. तिनं डावा-उजवा न चुकवता भाव सांगितला, अन् वरून म्हटलं का थांबायले सांगितलं नाही अजून, येताना घेजा. तवा मले कळलं का आता आमच्यात अन् भासऱ्याईच्यात अख्खा बाजार आहे. अन् गळा उघडला. मी असा ‘थऽऽम’ दिला, असा, का चव्वेचाळीस पाय अन् माहे दोन, अन् आवाज एकच. टांग्याचा घोडा उभा राहिला. एका मानसानं काट्यात टाकायचा आलू हातातच धरून ठेवला. तुह्या पलटणीत तरी असा ‘थम’ कोणी दिला असेल का, हे छातीवर हात ठेवून सांग. अन् पाहायले कोण होतं? मुळेवाले.

वापस आलो तं मंडप सोडून राहिले होते, जिलबी संपली होती. नत्थुजीनं नुसतं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्याहून बोलले असते तं बरं होतं. पण खरी गोठ पुढं आहे. भासऱ्याईनं तुह्या भाऊजीले बाजूले घेऊन मोठ्या काळजीनं इचारलं का घरच्या बाईचा गळा पयल्यापासूनच अधू आहे काय? चोवीस वर्षं कधी आवाज ऐकला नाही म्हणे, मले शंका होतीच. अन् मंडळाले सांगून गेले का त्या बिचारीले त्रास नका देऊ, आदेश मास्तराईनं द्यावे. दयेपोटी! तिसऱ्या दिवशी शेंदूरजन्याहून जेष्ठमधाची पुडी आली अन् एक पेटी संत्रे, अन् संगं चिठ्ठी, का संत्रे बाईले देऊ नये, घशाले वाईट. तुहे भाऊजी रोज दोन सोलून माह्यापुढं खातात. अन् म्हणतात काय, ‘माह्यापुढं तं कधी अडकला नाही वो तुहा आवाज.’

मंग पुढच्या इतवारी नत्थुजीनं आदेश दिले. मी रांगेत उभी, तिसरी, जीभ दाताखाली. बायाईनं कुचराई केली नाही, देवाशपथ, जसं ऐकू आलं तसं केलं. त्याईचा ‘थम’ एवढा सपाट का आमी अकरा जागी थांबलो. मनकर्णाबाई तं थांबलीच नाही, तिले वाटलं मास्तर खोकलले. पण कागदावर सही माही आहे. मनकर्णाबाईनं पुन्हा मंडळात जाऊन ठाण मांडलं, तं एवढं कबूल करून घेतलं का ३ मार्चले अकोल्याले चार गावाईच्या दलाईची परेड आहे, तिथं तानुबाईले एक डाव. शेवटचा. तिथं चुकलं तं बायाईच्या तुकडीले मानसाचाच आवाज, कायमचा. अन् अकोल्याच्या मंडपात अध्यक्ष कोण? मंडळाले ते पागोटं एवढं आवडलं का त्याईनं भासऱ्याईलेच पुन्हा बोलावलं. आता मी काय करू? मले आवाज आहे, चाल येते, पोट आहे, विळा आहे, अन् समोर भासरे आहेत. अन् तू तिकडून इचारतं, लढाई वांग्यासंगं होती का मुळ्यासंगं!

तं हासून झालं असलं तं पत्र फाडून टाक. मले कोणाची गरज नाही. मायले माहा नमस्कार कळव, ललिताले काही कळवू नको, ती आपोआप कळून घेते.

तुही बाई,
तानुबाई

ता. क. – एक काम आहे, लहान आहे. तुह्या छावणीतल्या कोण्या कारकुनाकडून भासऱ्याईले एक पत्र टाक, का ३ मार्चले फौजेचे कोणी साहेब संत्र्याची बाग पाहायले शेंदूरजन्याले येऊन राहिले, घरीच राहावं. गोल शिक्का मारता आला तं मार. खोटं आहे, पण देशासाठी आहे.

ता. क. दुसरं, बुधवार – वरचं काम करू नको. पाकीट बंद करायच्या आधी मनकर्णाबाईले वाचून दाखवलं, तं ती माह्यावरच तडकली. म्हणते, ‘खुर्ची काय रिकामी राहते वो? तुहे भासरे उठले तं माहा सासरा बसन. बावीस जणी आहो, किती जागी खुर्च्या हालवशील?’ मी तिले उलटून बोलली, मंग रातभर मनात तेच. भासऱ्याईले बसू दे जिथं बसतात तिथंच. त्याईचं एक जुनं पागोटं आपल्या फळीवर होतं, ते मी गोठ्याच्या खांबावर बांधलं अन् पुढं उभी राहिली. सांगते तुले, नुसतं पागोटं, आत डोकं नाही, तरी आवाज निघाला नाही. तुहे भाऊजी हासता हासता कडब्यात बसले.

ता. क. तिसरं, शनिवार – काल ‘दाहिने देख’ निघालं. पूर्ण निघालं. तुहे भाऊजी पाणी देऊन राहिले होते, त्याईनं उजवीकडे पाहिलं, अन् पाणी डावीकडे गेलं, वांग्याचा एक वाफा वाहिला. पण खांब म्हणजे खांब. म्हून लिहिते, ३ मार्चले दोन दिवसाची सुट्टी मिळत असली तं अकोल्याले ये. मायचाही गुडघा पाहशील. मंडपात भासऱ्याईच्या शेजारी बस, अंगात वर्दी घालून, तुले कोणी उठवणार नाही. माहेरच्या मानसापुढं माहा गळा कधी बसला नाही, तुह्यावर तं मी जलमभर ओरडत आली. मी तुह्याकडे पाहून ओरडीन. त्याईच्या कानात गेलं तं जाऊ दे, चोवीस वर्षांत एकदा जाऊ दे. नाही जमलं तं नको येऊ, मी काही वाट पाहणार नाही. पंधरा दिवस आहेत. ‘थम’ तेवढा राहिला.